पाण्यातला वायू

मंडळी, पाण्याने विस्तव विझतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच पाण्यात जळणारा वायू असतो, असं आम्ही सांगितलं तर? हसू नका. गोष्ट खरी आहे.

पाणी दोन वायूंचं बनलेलं आहे. एक हायड्रोजन, दुसरा ऑक्सिजन. हायड्रोजन जळतो. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यात तारा सोडून वीज खेळवली. तारांपाशी वायूचे बुडबुडे आले. पाणी फुटलं!

याचा आपल्याशी काय संबंध? युरियाची गोणी आठवा. युरिया अमोनियापासून होतो. अमोनियाला हायड्रोजन लागतो. आपल्या देशात तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्यातला बराच वायू परदेशातून विकत आणावा लागतो. हायड्रोजन पाण्यातूनच स्वस्तात निघाला तर?

अडचण विजेची आहे. एक किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर पाणी फोडावं लागतं. त्याला वीज मात्र ५० युनिटांच्या आसपास जाते. यात वीज वाया जाऊ नये म्हणून प्लॅटिनम नावाचा धातू कामी येतो.

प्लॅटिनम चांगल्या धर्मशाळेसारखं आहे. हायड्रोजनचे कण येतात, त्यावर टेकतात, दोघांची जोडी जमते आणि वायू होऊन निघून जातात. काही धातू कणांना नीट धरत नाहीत. काही धरले की सोडत नाहीत. प्लॅटिनम बेतानं धरतं, आणि स्वतः खर्ची पडत नाही.

पण ते फार महाग. बहुतेक माल एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. मग काय करावं?

पाहा, काम चालतं ते धातूच्या वरच्या अंगावर. पोटातला धातू नुसता पडून राहतो. एक ग्रॅमचा गोळा तुरीच्या दाण्याएवढा. त्याचं वरचं अंग नखाएवढं. आता मिलिमीटरचे तीन लाख भाग करा. त्यातल्या एका भागाएवढे बारीक कण त्याच गोळ्याचे केले, तर सगळ्यांचं अंग मिळून जवळजवळ एक गुंठा भरतं!

पण पिठाच्या गुठळ्या होतात, तसे हे कणही एकमेकांना चिकटतात. मग अंग पुन्हा कमी होतं. म्हणून शास्त्रज्ञ ते कार्बनच्या भुकटीवर सुटे सुटे बसवतात.

थोडं बियाणं शेतभर नीट पोचवावं, ही शेतकऱ्याची हुशारी. शास्त्रज्ञांची खटपटही तीच आहे.