जांबोटीचे गुंजीकर

(उधना येथे मराठी बांधवांपुढे केलेले भाषण)



तापीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातून येऊन आपणांपैकी पुष्कळजण येथल्या मागांवर राबत आहात. सुरतेचे नाव निघताच आपणांस 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. तो शिवकाल मराठी कादंबरीत प्रथम आणणारा पुरुष आमच्या सीमाभागातला होता, हे सांगावयास मी उभा आहे.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर 1843 साली बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीस जन्मले. पेशाने शिक्षक, व्यासंगाने भाषापंडित. 1867 साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाचे ते पहिले संपादक. व्याकरणाचा कीस काढणारा हा गृहस्थ कादंबरीकडे वळला, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

त्या काळी ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) अशा अद्भुतरम्य कथांची चलती होती. विधवांच्या खऱ्याखुऱ्या हालांची कहाणी ‘यमुनापर्यटना’ने 1857 सालीच सांगितली होती, पण ती वाट ओसच राहिली. गुंजीकरांनी कल्पित नगरीतला राजपुत्र बाजूस सारला आणि आपल्याच मासिकातून ‘मोचनगड’ क्रमशः लिहिली. 1871 साली तिचे पुस्तक झाले. गड कल्पित, काळ मात्र शिवाजीमहाराजांचा. हाताशी साधने ती किती? ग्रँट डफचा इतिहास आणि काही बखरी. राजवाड्यांचा पहिला खंड निघावयास अद्याप सत्तावीस वर्षे होती! आजच्या वाचकास ही कादंबरी संथ वाटेल, ते मी नाकारीत नाही. पण हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ ज्या वाटेने आला, ती दोन तपे आधी या जांबोटीकराने पाडली होती.

गुंजीकरांना सीमालढ्याचे सेनानी ठरविण्याचा मोह मी टाळतो. 1901 साली ते वारले तेव्हा सुरत आणि बेळगाव एकाच मुंबई इलाख्यात नांदत होती. बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले ते 1956 साली. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. कादंबऱ्या दाखवून तो जिंकता येणार नाही, हेही खरे. पण बेळगावची मराठी उपरी आहे असे जे म्हणतात, त्यांस एवढेच विचारावे: मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा जांबोटीचा, आणि ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी तर खुद्द बेळगावात जन्मलेले, उपऱ्या भाषेला अशी लेकरे होतात काय?

आपण घरी अहिराणी बोलता, बाजारात गुजराती. मुलांना मराठी अक्षर सरावाने वाचता येते की नाही, हे आपले आपणच जाणता. ‘मोचनगडा’ची एक प्रत मी येथे ठेवून जात आहे. रविवारी माग थांबले की कोणीतरी ती मोठ्याने वाचावी. एकट्याने वाचण्यापेक्षा चारचौघांत ती अधिक खुलते.