गैरहजर पोराच्या घरी जाणारी शाळा
(जालना जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पोराला खाजगी शाळेत घालायचे म्हटले की आपण आधी इमारत पाहतो, गणवेश पाहतो, फी विचारतो. पण ती शाळा आपल्या लेकराला सांभाळील काय, हे कोणी विचारीत नाही. त्याची खूण आम्ही सांगतो. मूल चार दिवस शाळेत आले नाही, तर मास्तर त्याच्या दाराशी येतो काय? मोठ्या शाळेत पोर हरवले तरी हजेरीपटावर नुसती एक फुली पडते. लहान शाळेत मास्तराला प्रत्येकाचे नाव, गाव, घरची अडचण ठाऊक असते. ठाऊक असूनही तो उठत नसेल, तर तिच्या लहानपणाचा आपल्याला काय उपयोग?

आपल्या चळवळीने काढलेल्या शाळाही लोकांनी चालविलेल्या, खाजगीच होत्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंनी अंगावर शेण-चिखल झेलला, पण मुलींचे शिक्षण थांबू दिले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची पोरे एका पंगतीला जेवत. कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. पोराचे पोट, पोराची अब्रू आणि पोराचे पुस्तक ही तिन्ही शाळेचीच जबाबदारी, असे ही माणसे मानीत.

इकडे आमच्या मुलखात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. वरचे शिक्षण उर्दूतून. कुणब्याचे, सुताराचे, चांभाराचे पोर तिथवर पोचणार कसे? तो अंमल गेला, पण पोर शाळेतून गळायचे थांबले नाही. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील कुटुंबे मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे पोरांकडे पाहणार कोण? मग पोरेही गाडीत बसतात आणि दुसरे सत्र बुडते. ज्या शाळेला कळवळा आहे ती दसऱ्याआधीच यादी करते, आजीआजोबांना भेटते, सरकारी हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या गावात होईल काय ते पाहते, आणि पाडव्याला परत आलेल्या पोराचा राहिलेला धडा भरून काढते.

मुलींची गोष्ट याहून कठीण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांची लग्ने १८ वर्षांच्या आत झालेली होती. आम्ही आईबापांना दुष्ट म्हणत नाही. वयात आलेली लेक कोपीवर न्यायची भीती वाटते, गावी एकटी ठेवायचीही भीती वाटते, म्हणून बाप तिचे लग्न उरकून टाकतो. पण नववीतली मुलगी अचानक यायची बंद झाली, तर बाईंनी त्याच दिवशी तिच्या घरी जावे. आधी समजूत घालावी. न ऐकल्यास ग्रामसेवकाला किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा राग शाळेने पत्करावा. सावित्रीबाईंची तसबीर लावणाऱ्या शाळेला एवढे धैर्य नको काय?

आता शाळेच्या आतले बोलू. 'छडी लागे छमछम' म्हणून हसण्याचे दिवस गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणे आणि मनाचा छळ करणे दोन्ही बंद केले आहे. फी थकली म्हणून लेकराला चारचौघांत उभे करणे हाही छळच. आठवीपर्यंतचे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर दाखला मिळायला उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडविता येत नाही. गरिबांच्या २५ टक्के जागांवर ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम बदलून घाव घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. हा हक्क आहे, कोणाची भीक नव्हे. अर्ज भरा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरास एका खाजगी शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सरकारने शाळाशाळांत कॅमेरे, तक्रारपेटी आणि नोकरांची पूर्वचौकशी यांचे हुकूम काढले. सखी सावित्री समिती तर २०२२ पासूनच सांगितलेली आहे. पण पेटीला कुलूप आणि किल्ली हरवलेली, असे असेल तर पेटी काय कामाची? असा प्रकार कळूनही 'संस्थेची अब्रू जाईल' म्हणून जो दाबून ठेवतो, तो २०१२ च्या कायद्याने स्वतःच गुन्हेगार ठरतो. अब्रू लेकराची मोठी, संस्थेची नव्हे.

एक गोष्ट आपल्याही पदरात घेऊ. विनाअनुदानित शाळेत पुष्कळ मास्तर तुटपुंज्या पगारावर राबतात. उपाशी मास्तर कोणाच्या दारी जाणार? ज्याला ऐपत आहे त्याने फी वेळेवर द्यावी आणि चालकांना पगाराचा जाब विचारावा.

तेव्हा येत्या पालकसभेला काम टाकून या. आयाबायांना पुढे बसवा. चारच प्रश्न विचारा: गैरहजर मुलाच्या घरी कोण जातो? तक्रारपेटी कोण उघडतो? ऊसतोडीच्या पोरांची यादी कोठे आहे? मुलींसाठी दार लागणारे, पाणी असलेले संडास आहेत काय? सरळ उत्तर मिळाले तर त्या शाळेच्या पाठीशी उभे राहा. न मिळाले तर मिळेपर्यंत उठू नका.