काचेचे डोळे

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय राजनांदगावच्या महंत घासीदासांनी १८७५ साली स्थापन केले आणि १९५३ मध्ये ते आजच्या वास्तूत आले. जाणकार मंडळी तेथे जातात ती सिरपूरच्या धातुमूर्ती आणि जुने शिलालेख पाहावयास. मुले मात्र पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांसमोर रेंगाळतात आणि हटकून विचारतात, “हे खरे आहेत का?” या प्रश्नाला सरळ उत्तर देणे वडीलधाऱ्यांना जड जाते. कातडे खरे, केस खरे. डोळे काचेचे आणि आतील सारे मानवी हातांचे.

ज्या घरातील कुत्रा बारा-तेरा वर्षे सोबत करून नुकताच गेला आहे, त्या घरी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. त्याला पुरावयाचे, की पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवावयाचे? ऐकणाऱ्याला हसू येईल. ज्याचे गेले त्याला ते येत नाही.

‘पेंढा भरणे’ हा शब्द आता केवळ रूढीने उरला आहे. कारागीर कातडे अखंड सोडवितो, कमावितो, आणि मूळ देहाच्या मापाने घडविलेल्या कृत्रिम साच्यावर ते चढवून शिवतो. मांस, हाडे यांचा बहुतेक भाग टाकूनच द्यावा लागतो. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. संतोष गायकवाड यांनी ही कला स्वप्रयत्नाने हस्तगत केली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्य प्राण्यांसाठी असे केंद्र उभे राहिले, ते त्यांच्याच परिश्रमाने. वन्य प्राण्यांच्या बाबतीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने कडक आहेत; पिंजऱ्यातला राघूही त्यांतून सुटत नाही, कारण मुळात त्याला पाळणेच निषिद्ध. कुत्र्या-मांजरांना हा कायदा आड येत नाही.

आड येतो तो उन्हाळा. रायपूरला मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो. देह त्वरित गोठविला नाही, तर काही तासांतच केस सुटू लागतात आणि मग कोणत्याही कारागिराचा इलाज चालत नाही. मुंबई तर हजार किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे ज्या घडीला बुद्धी शोकाने बधिर झालेली असते, नेमका त्याच घडीला जन्मभर डोळ्यांसमोर राहणाऱ्या वस्तूचा निर्णय घ्यावयाचा!

शिवाय एक अडचण कसबी हातांनाही पुरती दूर करता येत नाही. संग्रहालयातील वाघ हा कोणताही वाघ असला तरी चालतो. पाहणाऱ्याची त्याच्याशी ओळख नसते. घरच्या कुत्र्याचे तसे नाही. त्याचा एक कान किंचित पडलेला असे, फाटक वाजताच तो मान तिरकी करी, हे सारे घराला पाठ असते. कारागिराला श्वानजात ठाऊक असते, हा श्वान नव्हे. जरासा ओठ चुकला, की घरात एक परका प्राणी येऊन उभा राहतो, तोही आपल्याच कुत्र्याचे कातडे पांघरून. वासरू दगावले म्हणजे त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याची रीत आपल्या खेड्यांत होती. गाय ते हुंगी, चाटी आणि पान्हा सोडी. माणसाची माया हुंगून फसत नाही. तिला समोरून ओळख परत हवी असते.

जपानमधील हाचिको या कुत्र्याची दोन्ही प्रकारची स्मारके आहेत. १९२५ मध्ये धनी वारल्यानंतरही तो जवळजवळ दहा वर्षे शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिला आणि १९३५ मध्ये मेला. त्याचे कातडे टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात उत्तम जपलेले आहे. पण लोक एकमेकांना भेटावयाचे ठरवितात ते स्थानकाबाहेरच्या त्याच्या पुतळ्यापाशी.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. छत्तीसगडच्याच बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचे प्राचीन मंदिर आहे. शिवलिंगाच्या सान्निध्यात तेथे कुत्र्याची मूर्ती पूजिली जाते. आख्यायिका अशी की, एका बंजाऱ्याने दुष्काळात सावकाराकडे आपला कुत्रा गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कोठे लपविला ते कुत्र्याने दाखवून दिले. संतुष्ट सावकाराने सारी हकीकत चिठ्ठीत लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली व त्याला मुक्त केले. कुत्रा धावत घरी आला. हा पळून आला, आपला शब्द बुडाला, असे समजून बंजाऱ्याने त्याला जागीच ठार केले, आणि मग ती चिठ्ठी त्याच्या दृष्टीस पडली.

मूर्ती त्या कुत्र्यासारखी दिसते की नाही, हे खपरीत कोणी विचारीत नाही. त्या दगडात रूप जपलेले नाही. धन्याचा पश्चात्ताप जपला आहे. आपल्या घरीही कुत्रा गेल्यावर पुष्कळदा तेच मागे उरते: वैद्याकडे नेण्यास झालेला उशीर, उगाच मारलेली एक चापट. कातडे जपल्याने या हिशेबातले काहीच फिटत नाही. उलट काचेचे डोळे रोज त्याची आठवण देत उभे राहतात.

इतके जाणूनही ज्यांचे मन त्याच मार्गाकडे ओढ घेते, त्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांनी घरचा मित्र हिंडता-फिरता असतानाच त्याची चहूबाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत: बसताना कोणता पाय दुमडतो, कान कोणत्या अंगाला झुकतो, हाक मारली की तोंड कसे उघडते. कारागीर पुढे पहिल्याने तीच मागतो. आणि छायाचित्रे हाती आल्यावर कित्येक घरांना कारागिराकडे जाण्याची गरजही वाटणार नाही.