दुचाकीचे शॉकअप : निवड आणि जुळवणी

हर्सूलहून जळगांवच्या रस्त्याला लागलेली मोटारसायकल खड्ड्यांत आदळली कीं, चालविणारा बहुधा रस्त्याला बोल लावतो. मागें बसलेल्या म्हातारीला मात्र दोष रस्त्याचा कीं गाडीचा, याची चौकशी करण्याचें त्राण उरत नाहीं. तिच्यासाठीं तरी गृहस्थानें गाडीच्या शॉकअपकडे लक्ष दिलें पाहिजे.

शॉकअपमध्यें दोन निरनिराळीं कामें चालतात. स्प्रिंग भार तोलते आणि धक्का बसतांना दबते. पण दबलेली स्प्रिंग पुन्हां उसळणारच; तिला आवरणारें कांहीं नसेल, तर गाडी होडीसारखी डोलत राहील. तें काम आंतील तेल करतें. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल रेटलें जातें आणि उसळीची शक्ति उष्णतेंत विरते. तेल गळून गेलें म्हणजे चाक रस्त्यावरून वारंवार उचललें जातें. आणि उचललेल्या चाकाला ना ब्रेक लागू पडतो, ना वळण साधतें. येथें प्रश्न केवळ सुखाचा राहत नाहीं, जिवाचा होतो.

परीक्षा सोपी आहे. गाडीची मागची बाजू जोरानें दाबून सोडावी. ती वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोनतीनदां हेलकावली, किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअप निकामी झाला असें समजावें. तत्पूर्वीं टायरमधील हवा तपासावी; फाजील हवेचें पाप पुष्कळदां शॉकअपच्या माथीं बसतें.

शेजारच्या वाळूजला १९८५ सालीं बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला, आणि शॉकअप बनविण्याचा उद्योगही तेथें वाढला. तरीही बाजारांत रंगाला भुलूं नये. दोन्ही टोकांच्या भोकांमधील अंतर मूळच्याइतकेंच असावें. लांब शॉकअप बसविला, तर मागची बाजू उंचावते आणि साखळीचा ताण व स्टँडचा झोक बिघडतो. स्प्रिंग नेहमींच्या भाराप्रमाणें निवडावी : एकट्या सडपातळ तरुणाला जी हाडें खिळखिळीं करील, तीच दोन माणसें आणि भाजीचें पोतें यांना योग्य ठरते. दोन शॉकअप असतील, तर दोन्ही एकदमच बदलावेत.

आतां जुळवणी. खांचांचें कडें आकड्याच्या पान्यानें फिरविलें कीं स्प्रिंग आधींच थोडी दबते. यानें स्प्रिंग कडक होते, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. तिचा कणखरपणा तोच राहतो, गाडी फक्त वर उचलली जाते. मागचें चाक अधांतरीं ठेवून आंसापासून वरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावें. मग नेहमींचीं माणसें बसवून पुन्हां मोजावें. चाकाची एकूण हालचाल ९० मिलिमीटर असेल, तर फरक २५ ते ३० मिलिमीटर असावा. अधिक असल्यास कडें एक घर वाढवावें, कमी असल्यास उतरवावें. कड्यानें भागत नसेल, तर स्प्रिंगच बदलणें प्राप्त आहे. तेलाचा वेग ठरविणारा स्क्रू असल्यास मूळची खूण लिहून ठेवावी आणि एका वेळीं एकच बदल करावा. वायु भरलेलें नळकांडें मात्र घरीं कधींही उघडूं नये.

हें झाल्यावर त्याच रस्त्यानें, तोच भार घेऊन, तितक्याच वेगानें फेरी मारावी. निकाल मात्र चालविणाऱ्यानें देऊं नये. घरीं परतल्यावर म्हातारी कमरेला हात न लावतां उतरली, म्हणजे जुळवणी साधली.