हूक, पिन आणि घरची माणसं



येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली की लातूर, औसा, निलंग्याकडे घरांना कुलपं लागतात आणि अख्खं घर रानात जातं. आंबिलीचं बिंदगं, भज्जीचं पातेलं, ज्वारीचे उंडे, म्हातारी माणसं, लेकरं. एके काळी हे सगळं बैलगाडीतून जायचं, आता ट्रॉलीतून. त्याच सुमाराला नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथंही ट्रॉल्यांची रांग. परदेशात काही कुटुंबं मोटारीमागे चाकांवरचं घर जोडून सुटीला निघतात. तिथं कोणत्या गाडीला किती वजनाचं घर जोडायचं, याचा हिशेब आधी मांडतात. आपला हिशेब एका वाक्याचा: "पन्नास एचपी हाय, कायबी ओढतंय!"

ओढेल की. पण भरलेली ट्रॉली थांबवणार कोण?

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. 45-50 एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण दोन टन. मागे सहा टनांची भरलेली ट्रॉली असेल, तर दोन टनांसाठीच्या ब्रेकनं आठ टन आवरायचे. नुसता ट्रॅक्टर जेवढ्या अंतरात थांबतो, त्याच्या चौपट अंतर लागणार. वेग दुप्पट केला की ते अंतर पुन्हा चौपट. वीस-पंचवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर जेमतेम टनभराचा. तो सपाट रस्त्यावर मोठी ट्रॉली ओढतो म्हणून मालक खुशीत असतो. लोहा-कंधारकडच्या बालाघाटाच्या उतारावर मात्र ट्रॉलीच त्याला ढकलू लागते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला तर मी हात जोडतो. जो गियर चढायला लागतो, त्याच गियरमध्ये उतरा. म्हणून जोडी जमवताना एचपीच्या आधी ट्रॅक्टरचं वजन विचारा.

आता ड्रायव्हरच्या पायाशी बघा. ब्रेकची दोन पेडलं असतात, डावं आणि उजवं. शेतात तासाच्या टोकाला जागेवर वळायचं असलं की एकच दाबतात. त्यासाठी दोन्हींना जोडणारी खिट्टी काढून ठेवलेली असते. सकाळी रान नांगरून आलेला ट्रॅक्टर दुपारी माणसं घेऊन रस्त्याला लागतो आणि खिट्टी तशीच मोकळी. समोर म्हैस आली, घाईत पाय एकाच पेडलवर पडला, की एक चाक थांबतं, दुसरं पळतं, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. खिट्टी लावायला एक सेकंद पुरतो.

दोनचाकी ट्रॉलीचं गणित गाडीवानाला सांगावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, पुढे आलं की धुरजड. ट्रॉलीचंही तसंच. ओझं मागे असेल तर दांडी हूक वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे असेल तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी तोंड वळत नाही. जड सामान आसावर, थोडं पुढे झुकतं ठेवावं. पोरं मागच्या फळक्यावर ओळीनं बसतात ते तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि ओढ नेहमी खालच्या हुकालाच लावा. अडकलेली ट्रॉली काढायला कुणी टॉप लिंकच्या जागी साखळी बांधतं. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो पाठीवर उलटतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

एप्रिल 2025 मध्ये नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. ट्रॉली हे मालाचं वाहन. त्यातून माणसं नेण्याची कायद्यानं मुभा नाही, आणि अपघात झालाच तर विम्याची भरपाई मिळवताना घरच्यांची दमछाक होते. माझ्या मते बिंदगं आणि कडबा ट्रॉलीत, म्हातारी आणि लेकरं जीपमध्ये. दोन खेपा झाल्या तर होऊ द्या, आंबील काही पळून जात नाही.

नवी ट्रॉली घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की ब्रेकवाली ट्रॉली बनवून मिळते. वर्कशॉपवाला तुम्हाला पाटे, टायर, रंग दाखवेल, नाव कुठल्या अक्षरात टाकायचं तेही विचारेल. त्याला आधी ब्रेकचा दर विचारा. मग दांडीची पिन हातात घेऊन बघा: तिला आरपार भोक हवं, भोकात क्लिप हवी आणि जोडीला साखळी. पिनेच्या जागी सळईचा वाकवलेला तुकडा दिसला, तर रंगाची चौकशी न करता दुसरं वर्कशॉप गाठा.