नापास, फेल आणि अनुत्तीर्ण



हीरक महोत्सवात यशाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातील. मी अपयशाच्या शब्दांविषयी बोलणार आहे. कारण निकालाच्या दिवशी ते मुलांच्या कानी आपल्याच तोंडून पडतात.

इंग्रजीतला ‘फेल’ आपण घेतला आणि नाना कामांना जुंपला. गाडीचा ब्रेक फेल होतो. दुरुस्त केला की पुन्हा लागतो. ‘हार्ट फेल झाले’ हे आपण मृत्यूच्या अर्थाने म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत मात्र ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती कमी पडणे. असे अनेक रुग्ण उपचारांनी वर्षानुवर्षे जगतात. चित्रपट ‘फ्लॉप’ होतो, म्हणजे प्रेक्षक फिरकत नाहीत. तो वाईट असतोच असे नाही. कर्जाचा हप्ता थकला की ‘डिफॉल्ट’. संगणकातला ‘डिफॉल्ट’ मात्र दोष नव्हे, आपण काही न निवडल्यास आपोआप लागू होणारी योजना होय. नेमके काय बिघडले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे.

मुलाच्या बाबतीत हा विवेक आपण विसरतो. ‘गणितात नापास झाला’ यातले गणित चार दिवसांत गळून पडते आणि ‘नापास मुलगा’ तेवढा उरतो. घडलेली घटना माणसाचे विशेषण होऊन बसते.

२०२० साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ‘फेल’ऐवजी ‘एसेन्शियल रिपीट’ म्हणण्याचे ठरवले. हेतू स्तुत्यच; पण घरातला सूर न बदलल्यास नव्या शब्दालाही जुनाच डाग लागतो. ‘नापास’ हा फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांचा सांधा आहे. ‘अनुत्तीर्ण’ म्हणजे पार न गेलेला. ज्याने खारून अद्याप ओलांडली नाही, तो बुडाला असे कोणी म्हणत नाही.

आपल्या रायपूरशी जोडलेले माधवराव सप्रे आठवा. १९०० साली त्यांनी काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक पैशाअभावी जेमतेम तीन वर्षे चालले. व्यवहाराच्या भाषेत ते फेल झाले. परंतु १९०१ मध्ये त्यातच आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ही पुढे त्यांनीच हिंदीत आणले. मासिक बंद पडले होते, सप्रे नव्हे.

पालकहो, गुणपत्रिका हाती आल्यावर कोणता विषय, कोणता धडा आणि कशामुळे अडले, एवढे आधी विचारावे. त्या प्रश्नांची उत्तरे मुलाला देता येतात. ‘तू नापास’ या वाक्याला त्याच्याजवळ उत्तर नसते.