विजेतेपदाची वाट पाहताना



या व्यासपीठावर आजवर वेदान्त झाला, सहकार झाला, संतवाङ्मय तर दरवर्षीच होते. तेथे उभे राहून फुटबॉलवर, आणि तोही खेळणाऱ्यांवर नव्हे तर बघणाऱ्यांवर, बोलायचे म्हणजे आम्हांस थोडा संकोच वाटतो. चिटणीसांना आम्ही तसे सांगितले. ते म्हणाले, "या विषयाने निदान तरुण मंडळी तरी येतील." समोर पाहावे तो पांढरे केसच अधिक दिसतात. तेव्हा चिटणीसांची आशा विफल झाली असे धरून चालू, आणि आशा याच विषयाला हात घालू.

आम्ही 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणाने नव्हे. तो खरोखरीचा अनेकवचनी आहे. अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात फुटबॉलचे एक मैदान आहे. तेथे सात हजारांच्या आसपास माणसे बसतात. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहराला सात हजार खुर्च्या, आणि त्याही दर वेळी भरतातच असे नाही. त्या खुर्च्यांवर निळे सदरे घालून 'मुंबई सिटी' या संघाच्या नावाने जे घसा कोरडा करतात, त्यांतले आम्ही आठदहा जण. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एकाचे वाण्याचे दुकान आहे. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असला म्हणजे आमच्या घरची माणसे आमच्याशी जपून बोलतात.

आता ही आशा मोठी चमत्कारिक वस्तू आहे. शेतकरी आशा धरतो, पण आधी नांगरट करतो, पेरणी करतो, आणि मग आकाशाकडे बघतो. परीक्षेला बसलेला मुलगा निदान रात्रभर जागलेला असतो. खेळाडू तर आशेने धावतोच. आम्हांला यांतले काहीच करता येत नाही. आम्ही नुसतेच आकाशाकडे बघणारे. आणि तरी पाऊस पडला नाही म्हणजे सर्वांत मोठा गळा आम्हीच काढतो.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि आमचा संघ त्याच वर्षी जन्मला. स्पर्धेतला अगदी पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर झाला, आणि त्यात आम्ही तीन-शून्य असे हरलो. म्हणजे या स्पर्धेत पहिला पराभव पत्करण्याचा मान आमचाच. पुढे सहाच दिवसांनी नेरूळच्या मैदानावर पुण्याच्या संघाला आम्ही पाच-शून्य हरवले. मुंबईकराला या निकालाचे काय वाटले असेल ते सांगायला नको. सभागृहात पुण्याची मंडळी असल्यास क्षमस्व.

२०१६ साली आमचा संघ गुणतक्त्यात पहिला आला. आम्ही पेढे वाटले. मग कळले की पहिले येण्याला काहीच बक्षीस नाही! तेव्हाची पद्धत अशी, की वरचे चार संघ पुढे उपांत्य फेरीत जात आणि तेथून जो जिंके तोच विजेता. उपांत्य फेरीत कोलकात्याने आम्हांला बाहेर काढले. वर्षभर वर्गात पहिला आलेल्या मुलाला शेवटी संगीतखुर्चीत हरला म्हणून घरी पाठवावे, तसे ते झाले. पुढे २०१९-२० पासून गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला लीग शील्ड देऊ लागले, आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याला चषक आहेच. आमच्या दृष्टीने शील्ड अधिक मोलाची, कारण ती अनेक महिन्यांच्या खेळाची पावती असते. चषकाचे तसे नाही. आमच्यातच याला कडाडून विरोध करणारे आहेत, आणि तो वाद गाडीत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पुरतो.

यानंतरची हकीकत सांगताना आमचा आवाज थोडा बदलला तर समजून घ्या. २०२०-२१ चा हंगाम आला. महामारीचे दिवस. सगळे संघ गोव्यात नेऊन बंद आवारांत ठेवलेले, सामने तिथल्याच तीन मैदानांवर, आणि प्रेक्षकांना मज्जाव. सर्जिओ लोबेरा नावाच्या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली आमचा संघ असा काही खेळला की बघत राहावे. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीच्या मैदानावर शेवटच्या साखळी सामन्यात आम्ही एटीके मोहन बागानला दोन-शून्य हरवले. दोघांचेही गुण चाळीस. पण आपसातल्या दोन्ही सामन्यांत सरस आम्ही, म्हणून शील्ड आमची. १३ मार्चला मडगावजवळ फातोर्ड्याला अंतिम सामना त्याच संघाशी. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि चषकही आमचा. सहा वर्षे ज्याची वाट पाहिली ते दोन आठवड्यांत दोनदा मिळाले. आणि ते बघायला मैदानात कोणीही नव्हते. खेळाडूंनी चषक उंचावला तो रिकाम्या खुर्च्यांपुढे. आम्ही आपापल्या घरी, खिडक्या उघडून एकमेकांना हाका मारीत होतो. एका घरात ताप होता, तिथे हळू ओरडलो.

२०२३ साली पुन्हा शील्ड मिळाली. ती ११ फेब्रुवारीला गोव्याच्या संघाला त्याच्याच घरी, म्हणजे पुन्हा फातोर्ड्यालाच, पाच-तीन असे हरवून निश्चित झाली. दोन सामने शिल्लक असतानाच काम उरकले. अंधेरीला शेवटचा साखळी सामना आम्ही मोठ्या थाटाने बघायला गेलो, तर ईस्ट बंगालने आमच्या डोळ्यांदेखत एका गोलाने आम्हांला हरवले.

आता १५ एप्रिल २०२४. ही तारीख आम्हांला घरच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहे. साखळीचा शेवटचा सामना, कोलकात्याला, मोहन बागानशी. एकवीस सामन्यांनंतर आमचे गुण सत्तेचाळीस, त्यांचे पंचेचाळीस. जिंकलो तर शील्ड आमची, बरोबरी झाली तरी आमची, हरलो तरच त्यांची. आमच्या शाळामास्तर मित्राने कागदावर तीन चौकोन काढले, दोहोंवर टिंब दिले आणि म्हणाला, "बरोबरी पुरे." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. संध्याकाळी टीव्हीसमोर बसताना आमच्या तोंडी 'जिंका' हा शब्दच नव्हता. 'गोल होऊ देऊ नका' एवढेच मागणे होते.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला लिस्टन कोलासोने गोल केला. ऐंशीव्याला कमिन्सने दुसरा. एकोणनव्वदाव्याला आमच्या छांगतेने एक फेडला आणि मग जी काही मिनिटे गेली ती सांगवत नाहीत. एक-दोन असे हरलो. अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस. समोर साठ हजारांच्या घरातला जनसमुदाय नाचत होता. आणि का नाचू नये? मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. १९११ साली त्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट तिथे आजोबा नातवाला सांगतो. आमच्या संघाला तेव्हा उणीपुरी दहा वर्षे झाली होती. आम्हांला अजून आजोबा नाहीत. झालेच तर आम्हीच व्हायचे आहोत.

त्या रात्री मास्तराने कागद फाडून टाकला. आमच्या संघाने बरोबरीसाठी खेळ केला असे आम्ही म्हणणार नाही, खेळाडूंवर तो अन्याय होईल. पण आम्ही मात्र बरोबरीचीच आशा धरली होती, हे कबूल केले पाहिजे. आशेत आम्ही काटकसर केली. तिचा निकालाशी काडीचा संबंध नाही, हे कळते. तरी आमच्यातले निम्मे लोक अजून तीच चूक मनाशी उगाळतात.

नऊच दिवसांनी उपांत्य सामना होता, फातोर्ड्याला. नव्वद मिनिटे होत आली तरी गोवा दोन-शून्य पुढे. आमच्यातल्या दुकानदाराने उठून टीव्ही बंद केला आणि जेवायला चला म्हणाला. ताटे मांडेपर्यंत शेजारून आरोळी आली. लावून बघतो तो काय! छांगतेचा एक, मिनिटभरात विक्रम प्रतापचा दुसरा, आणि वाया गेलेल्या वेळेपोटी जी मिनिटे वाढवून देतात त्यांतल्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. तीन-दोन! मिझोरमच्या त्या पोराचे नाव घेऊन त्या रात्री उपनगरातल्या एका चाळीत जो गोंधळ झाला, त्याबद्दल शेजाऱ्यांची क्षमा अद्याप मागायची राहिली आहे. पहिले दोन गोल आम्ही आजतागायत प्रत्यक्ष घडताना पाहिलेले नाहीत. दुकानदाराला ते आम्ही विसरू देत नाही. पुढे ४ मे रोजी अंतिम सामना, तोच सॉल्ट लेक, तेच मोहन बागान, तोच कमिन्स, पुन्हा तेच पहिले पुढे. आणि या वेळी आम्ही तीन-एक जिंकलो. त्यांतला दुसरा गोल २०२१ वाल्या बिपिनचा.

म्हणजे हिशेब करा. २०२१ ते २०२४ या काळात चार मोठी बक्षिसे. एक बांबोळीला, दोन फातोर्ड्याला, एक कोलकात्याला. त्यांतले एकही आमच्या संघाने मुंबईत जिंकलेले नाही. ज्या खुर्च्यांवर बसून आम्ही आशा धरतो, त्या खुर्च्यांवरून विजेतेपद निश्चित होताना आम्ही एकदाही पाहिले नाही. मुलगा परगावी मोठा झाला आणि लग्नही तिकडेच करून आला, अशा आईबापांसारखे आमचे झाले आहे. आनंद आहेच, पण अक्षता आम्हांला टाकायला मिळाल्या नाहीत.

आमचे एक वयस्क स्नेही आहेत. कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने बघण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. ते आम्हांला विचारतात, "तुमचा संघ, तुमचा संघ म्हणता, पण त्यात तुमचे आहे काय? खेळाडू मणिपूरचे, मिझोरमचे, परदेशचे, मालक दुसरेच." प्रश्न खोटा नाही. पण आम्ही त्यांना उलट विचारतो की तुम्ही कूपरेजवर कोणासाठी टाळ्या वाजवत होता? हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला, आणि त्या संघाच्या नुसत्या नावाने जुन्या मुंबईकरांचे डोळे अजून चमकतात. १८९१ पासून चालत आलेला तो चषकही पुढे बंद पडला. मुंबईचे स्वतःचे संघ होते ते गिरण्यांचे, कारखान्यांचे. मफतलाल होता, टाटा होता, ऑर्के होता. महिंद्र युनायटेडने तर २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि चारच वर्षांनी, २०१० साली, कंपनीने संघ मोडला. विजेता संघ, आणि त्याच्या चाहत्यांनी पुढल्या हंगामात जायचे कोठे, हे कोणी सांगितले नाही. मुंबईत फुटबॉलचे प्रेक्षक कमी आहेत असे म्हणतात. आमच्या मते ते कमी नाहीत, पोळलेले आहेत.

हे आम्ही आज उकरून काढतो याला कारण आहे. २०२४-२५ चा हंगाम आम्हांला वाईट गेला. कसेबसे सहावे आलो आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीत बेंगळुरूने आम्हांला पाच-शून्य धुतले. ते एक वेळ सोसले असते. पण त्या जुलैत असे जाहीर झाले की स्पर्धा चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला आहे, त्याचे पुढे काय ते ठरलेले नाही, सबब पुढला हंगाम तूर्त थांबवला आहे. नेहमी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारे सामने त्या सप्टेंबरात सुरूच झाले नाहीत. आमच्या संघात ज्या परदेशी उद्योगसमूहाने २०१९ साली मोठा हिस्सा घेतला होता, त्याने २०२५ च्या डिसेंबरात तो मूळ मालकांच्या हाती परत दिला. त्या दिवसांत आम्ही भेटलो की विजेतेपदाचे नाव कोणी काढीत नसे. आम्हांला हवे होते ते वेळापत्रक. अमुक वारी, अमुक वाजता, अमुक संघाशी, एवढा छापील कागद. हरण्यासाठीसुद्धा सामना लागतो, हे त्या रिकाम्या शनिवारी आम्हांला प्रथम नीट कळले. दुकानदार एकदा म्हणाला, "पाच गोल खाल्ले तो दिवस बरा होता रे." कोणी हसले नाही.

तेव्हा आमची आशा काय, असे विचाराल तर तिचा तपशील सांगून आम्ही खाली बसतो. संघ राहावा, हे पहिले. आणि मग एखाद्या वर्षी साखळीचा शेवटचा सामना अंधेरीला यावा, समोर मोहन बागान असावे, आणि बरोबरी पुरणार नाही, जिंकलेच पाहिजे, अशी गुणांची स्थिती असावी. सातही हजार खुर्च्या भरलेल्या असाव्यात. कूपरेजवाल्या स्नेह्यांना आम्ही हाताला धरून जिना चढवू. मास्तराला कागद-पेन्सिल आणण्याची बंदी राहील आणि दुकानदाराला शेवटची शिटी होईपर्यंत जागचे उठू देणार नाही. असे सामने कधी एप्रिलच्या सुमारासही येतात. तो नेमका या व्याख्यानमालेच्या एखाद्या संध्याकाळी आला, तर चिटणीसांनी त्या दिवसापुरता दुसरा वक्ता आणि थोडे दुसरे श्रोतेही पाहून ठेवावेत, ही विनंती.